रनिंगमधली गाडी

रविवारी पन्हाळ्याला जाताना केर्लीच्या पुढं मला उसाच्या ट्रॅक्टरनं ओव्हरटेक केलं. मागं दोन ट्रॉल्या, आणि वर उसावर बसलेलं एक पोरगं. त्यानं जाता जाता 'या निवांत' असा हात केला. हप्ते मी भरायचे आणि हात यानं करायचा!

गाडी नवी, अजून रनिंगमध्ये आहे, एवढंच कारण. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, पहिले १००० किलोमीटर इंजिन ताणू नका. शोरूममधला टायवाला पोरगा म्हणालेला, "सर, आता तसलं काही नसतं, सगळं फॅक्टरीतच होऊन येतं." मग पुस्तक काय मी छापलं?

वाघबिळाला चहासाठी थांबलो. बाकड्यावर एक मिस्त्री बसलेले. हयात कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलेली, ऑइल इंजिनांचं काम करून करून बोटांच्या रेषांत काळं कायमचं मुरलेलं. उठून आले. "बॉनेट उघड. चालू कर." खिशातनं स्क्रू ड्रायव्हर काढला (चहाला येताना स्क्रू ड्रायव्हर आणणारा माणूस आमच्याकडंच भेटायचा), टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. हिनं विचारलं, "काही बिघडलंय का हो?" मिस्त्रींनी नुसता हात वर केला आणि ही गप्प बसली. आमच्या घरात आजवर हे कुणाला जमलेलं नाही.

"कितीनं चालवतोस?"

"पन्नासच्या आत. एकसारखी."

"मारलंस की रं इंजिन!"

मग बाकड्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात शिकवणी सुरू झाली. "बोअर म्हंजे पिस्टन खालवर हुतोय ती नळी. तिच्या भिंतीवर होनिंगच्या, म्हंजे घासून पाडलेल्या, तिरक्या रेघा असत्यात. त्यात ऑइल थांबतंय. पिस्टनच्या रिंगा त्यावर घासून बसाय पायजेत. त्यास्नी भिंतीवर दाबतंय कोण? गॅसचं प्रेशर. तू पायच देईनास, मग प्रेशर काय आभाळातनं येणार? रेघा बुजून बोअरला चकाकी आली की बसली ऑइल पीत! पोरगं तालमीत घालायचं, खुराक चारायचा आन् आखाड्यात उतरू द्यायचं न्हाई, व्हय?"

"मग रगडू?"

"रगडतोस कशाला? गार इंजिनावर पाय देशील तर रिंगा खरवडत्यात. गरम होऊ दे. मग चढवायची, सोडायची, परत चढवायची. सरक, दावतो."

आणि बसले की स्टिअरिंगवर! ही पुढंच राहिली. मी मागं, सीटच्या न काढलेल्या प्लास्टिकवर. पन्हाळ्याची चढण तिसऱ्या गेरात, आणि प्रत्येक वळणावर माझ्या खालचं प्लास्टिक करकरतंय.

मागं बसून पुस्तक चाळलं. 'एकाच वेगाने सतत चालवू नका' हेही आहे त्यात, पण टायरची हवा आणि बंद गाडी ओढून न्यायचे हुक यांच्या मधे, दोन ओळींत. डिलिव्हरीच्या दिवशी केक कापायला, पुठ्ठ्याची हातभर किल्ली धरून फोटो काढायला वेळ होता. कोटिंग आणि मॅट गळ्यात मारायलाही होता. या दोन ओळी सांगायला तेवढा नव्हता. बोअरचं काम हल्ली पूर्वीपेक्षा कितीतरी नेमकं होतं, त्यामुळं मिस्त्री म्हणतात तेवढा फरक आता पडत नसेलही. पण पुढं कधी गाडीनं ऑइल प्यायला सुरुवात केली, तर दोष या हजार किलोमीटरचा की वेळेवर न बदललेल्या ऑइलचा, हे ठरवणार कोण? शोरूमवाले तर माझाच ठरवणार.

पन्हाळ्याच्या नाक्यावर पावती मी फाडली. खाली येताना तरी मी चालवतो म्हटलं.

"उतारालाच तर खरं काम हाय," मिस्त्री म्हणाले. "न्यूट्रल न्हाई, ब्रेक न्हाई, इंजिनानंच धरायची."

"असू दे हो, त्यांना कळतंय," ही म्हणाली.