भरवसा मॅगझिनमध्ये असतो

सेमी-ऑटो, म्हणजे दर चापाला एक गोळी झाडून पुढची आपोआप भरणाऱ्या रायफलींवरचा एक लेख वाचला. महाग तेवढी भरवशाची, असा त्याचा सूर आहे. तेवढं पटलं नाही. फौजेत मी एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल, तीही सेमी-ऑटोच) वापरली. 7.62 एमएम, 20 गोळ्यांचं मॅगझिन (गोळ्या भरायची डबी), वजन चार किलोच्या वर. काजळी साचून अडखळली की गॅस रेग्युलेटर (यंत्रणा हलवणारा गॅस कमी-जास्त करायची कडी) एक-दोन खाचा फिरवायचा, परत चालू. अडायची ती बहुतेकदा मॅगझिनचे ओठ, म्हणजे गोळी धरणाऱ्या वरच्या कडा, वाकल्यामुळं. तेव्हा पैसे आधी चांगल्या मॅगझिनवर, सरावाच्या गोळ्यांवर घाला, दुर्बीण नंतर.

आणि आमच्या खानापूरकडच्या पोरांनो, हे वाचून दुकान गाठू नका! साध्या लायसनवर असली रायफल मिळत नाही. सरकारी ऑर्डनन्स कारखान्याची .315 बोल्ट अॅक्शन, म्हणजे दर गोळीला हातानं खटका ओढायची रायफल मिळते. पावसाळ्यात तेलाचं फडकं विसरलात तर तीही गंजते, बघा.