सफारीवरची टिप आणि पडद्यामागची माणसे

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद झाली आणि ते योग्यच झाले, असे नान्नजच्या माळावर काळविटांचे कळप पाहत वाढलेला माझ्यासारखा सोलापूरकर मनापासून म्हणेल. तरीही परदेशातल्या शिकार-सहलींचा विषय आता आपल्या घरापर्यंत आला आहे. अमेरिकेत स्थायिक झालेली आपली काही मुले तिथल्या मित्रांबरोबर नामिबिया किंवा दक्षिण आफ्रिकेत शिकारीला जातात आणि इथून केनिया-टांझानियाला केवळ प्राणी पाहायला जाणारेही आहेत. (केनियाने तर १९७७ मध्येच शिकारीवर बंदी घातली.) परतल्यावर दोघांच्याही तोंडी एकच तक्रार असते: ‘एवढे लाखो रुपये भरल्यावर पुन्हा टिप कशाला?’

दक्षिण आफ्रिकेत परदेशी पाहुण्याला परवानाधारक प्रोफेशनल हंटरशिवाय, म्हणजे सोबत राहणाऱ्या व्यावसायिक शिकारी-वाटाड्याशिवाय, शिकार करता येत नाही. छायाचित्रात पाहुण्याशेजारी तोच दिसतो; पण खडकाळ जमिनीवर जखमी जनावराचा माग काढणारा ट्रॅकर, उष्म्याने कातडे खराब होऊ नये म्हणून उशिरापर्यंत बसून ते सोलणारा आणि मीठ लावून ठेवणारा स्किनर, स्वयंपाकी आणि कपडे धुणारी बाई यांच्यावाचून ती सहल पारच पडत नाही. पाहुण्याने भरलेली रक्कम दिवसाचा दर आणि प्राण्याचे शुल्क म्हणून आयोजकाकडे जाते. टिप त्याहून वेगळी असते आणि ती शेवटच्या दिवशी द्यायची असते. प्रोफेशनल हंटरला एकूण दैनिक दराच्या साधारण ५ ते १० टक्के आणि इतरांना दिवसागणिक ठरावीक रक्कम, असा तिथला सर्वसाधारण प्रघात आहे.

देशोदेशीच्या रीती मात्र फार वेगळ्या आहेत. अमेरिकेत टिप मिळवणाऱ्या कामगारांचे केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवरच थांबलेले आहे, त्यामुळे टिप हा मजुरीचाच भाग आहे हे तिथल्या माणसाला लहानपणापासून ठाऊक असते आणि शिकारीच्या वाटाड्यालाही १० ते २० टक्के देताना त्याला जड जात नाही. जपानमध्ये नेमके उलटे आहे. तिथे हातावर पैसे ठेवले तर समोरचा संकोचतो आणि बहुधा ते परत करतो. ब्रिटनमध्ये फेझंट पक्ष्यांच्या शिकारीनंतर तिथला राखणदार पाहुण्याला पक्ष्यांची एक जोडी देतो आणि पाहुणा हस्तांदोलनातच घडी केलेली नोट त्याच्या हातात सरकवतो. रकमेचा उच्चार कोणी करत नाही. परंतु किती पक्षी पडले यावरून ती ठरवण्याची चालही तिथे आहे.

माझा आक्षेप नेमका या शेवटच्या गोष्टीला आहे. टिप प्राण्यावर ठरू लागली की माग काढणाऱ्यावर दडपण येते. लहान वयाचे जनावर सोडून द्यावे असे त्याला वाटत असले तरी तो गप्प बसतो. आपल्या ताडोबात वाघ दिसला तर पाचशे आणि न दिसला तर कोरडे आभार, असे वागणारे प्रवासी मी पाहिले आहेत. मग चालकाने जिप्सी दामटली आणि वाघाची वाट अडवली, तर त्या गुन्ह्यात आपलाही वाटा आहे. केनियातल्या मसाई मारात विल्डबीस्ट या हरणवर्गीय प्राण्यांचे कळप नदी ओलांडतात तेव्हा काठावर गाड्यांची जी दाटी होते, तिच्यामागेही पाहुण्याला खूश करण्याची ही धडपड असतेच.

मालकाने पूर्ण पगार द्यावा, हे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. देणाऱ्याच्या मर्जीवर माणसाचे पोट अवलंबून असणे किती वाईट, हे खळ्यावर पदरी पडेल तेवढे धान्य घेऊन जाणाऱ्या बलुतेदारांच्या पिढ्यांनी सोसले आहे. पण निघण्याच्या सकाळी स्किनरला रिकाम्या हाताने परत पाठवल्याने मालकाला काही धडा मिळत नाही. त्या माणसाच्या घरी तेवढे पैसे कमी जातात, एवढेच होते. पैशांऐवजी वापरलेले कपडे आणि उरलेली बिस्किटे देण्याची आपली सवय तर मला फार खटकते. द्यायचेच असेल तर ते टिप देऊन वर वेगळे द्यावे.

म्हणून रक्कम निघण्यापूर्वीच खर्चात धरावी, कोणाला किती द्यायचे हे आयोजकाला लेखी विचारावे आणि जनावर मिळो वा न मिळो, ती बदलू नये. कामात हयगय झाली असेल तर टिप जरूर कमी करावी, मात्र कारण सांगून. डॉलर नव्या छपाईचे आणि न फाटलेले न्यावेत, कारण आफ्रिकेत २००६ पूर्वीच्या नोटा अनेक ठिकाणी नाकारल्या जातात. शक्य असेल तिथे प्रत्येकाचे पाकीट त्याच्याच हातात द्यावे. सामाईक पेटीची पद्धत असेल तर स्वयंपाकघरातल्यांनाही त्यातून वाटा मिळतो का, हे विचारून घ्यावे.

सोलापूर-पुण्याच्या सहल आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी दरपत्रकात ‘टिप वेगळी’ एवढेच न छापता देशानुसार आणि कामानुसार अपेक्षित रक्कम लिहावी, म्हणजे शेवटच्या दिवशी गाडीत बसल्यावर वर्गणी काढण्याची वेळ कोणावर येणार नाही.