चिंकारा मोजायचेत? दुपारी बाराला या

निसर्गाची सेवा करायची इच्छा झाली असेल तर आधी ड्रोन घ्या. कशासाठी, ते मागाहून ठरवता येतं. आधी प्रश्न आणि मग यंत्र, असं म्हणणारी माणसं अजून वही-पेन्सिल घेऊन रानोमाळ हिंडताहेत.

मग अभयारण्य निवडा. भीमाशंकरच्या नादी लागू नका. १३० चौरस किलोमीटरचं रान, त्यात पावसाळाभर ढगात. एरवी वरून पाहावं तर फ्लॉवरचे गड्डे मांडल्यासारखे नुसते झाडांचे शेंडे. खाली शेकरूचं काय चाललंय ते त्यालाच ठाऊक. त्यापेक्षा चिंकारा हरणांचं, सुप्याचं मयूरेश्वर बरं. १९९७ सालचं, जेमतेम ५ चौरस किलोमीटर, उघडं माळरान. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं जाऊन चौफुल्याला वळायचं. एवढं रान वनरक्षक पायी फिरून बघतो, हे खरं. पण पायी बघितल्याचा व्हिडिओ होत नाही.

परवानगीचं फार मनावर घेऊ नका. २०२१च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही. एवढं पाठ करा आणि कुणी अडवलं की म्हणून दाखवा. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा वेगळा, अभयारण्यात शिरायची परवानगी वेगळी, आणि जनावराला हाकणं त्या कायद्याच्या लेखी शिकारीत मोडतं, हे समोरच्याला माहीत नसेल अशी आशा धरा. असलंच तर ‘सर्व्हे आहे’ म्हणा. या शब्दापुढे भलेभले फाटक उघडतात.

आता वेळ. जाणते सांगतील, सकाळी लवकर उडवा. वाळल्या गवताच्या रंगाचा चिंकारा वरून दिसत नाही, त्याची लांब पडलेली सावली दिसते. ऐकू नका. तुमचे पाहुणे नाश्ता आटोपून बारापर्यंत पोचणार, तोवर सावली पोटाखाली गेलेली. हरकत नाही, उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा लावा. मे महिन्यात भर दुपारी खडक आणि मुरूम चिंकाऱ्यापेक्षा जास्त तापतात, त्यामुळे पडद्यावर ठिपकेच ठिपके. मोजा! अर्ध्या तासाच्या आत बॅटरी संपेल; दुसरी लावा आणि शेजारच्या पट्ट्यावर जा. मघाशी आवाजानं उधळलेला कळप तिथं भेटेल. तोही मोजा. वर्षानुवर्षं राखण करून जी संख्या वाढत नाही, ती एका दुपारी वाढते.

वनरक्षकाला बॅटऱ्या धरायला उभं करा. तो मध्येच म्हणेल, “सायेब, वड्याकडं नका सोडू, लांडग्याची पिल्लं हायती तिकडं.” मान डोलवा. त्याच्या बोलण्याला अक्षांश-रेखांश नसतात, म्हणजे अहवालात जागा नाही. ड्रोन मात्र ओढ्याकडंच सोडा.

येताना वाट वाकडी करून भिगवणला जा, हंगाम असेल तर. रोहित पक्षी चोची पाण्यात घालून तासन् तास चरत उभे असतात. त्याला कोण लाइक करणार? ड्रोन जरा खाली आणा. सगळा थवा एकदम उठतो, गुलाबी पंख, मागे उजनीचं पाणी. खाली ‘निसर्गाचा आदर करा’ लिहायला विसरू नका.

दरवर्षी त्याच तारखांना, त्याच उंचीवरून, त्याच रेषेत उडवणं, प्रत्येक फोटो पुढच्यावर सत्तर-ऐंशी टक्के चढवून नकाशा जोडणं, वणवा अडवणाऱ्या जाळरेषा वेळेत काढल्या का, वणव्यानं कुठला तुकडा खाल्ला, कडेच्या शेताचा बांध यंदा किती आत सरकला, हे ताडून पाहणं: ड्रोनला ही कामं छान जमतात, म्हणूनच टाळा. त्यात एकही चिंकारा धावत नाही. शिवाय बांध कुणाचा, हे विचारायची पाळी येते.

राहिला अहवाल. उन्हाळ्यात माळ वरून तपकिरी दिसणारच. त्याला ‘ओसाड’ म्हणा आणि हिरवाई वाढवण्यासाठी वृक्षारोपण सुचवा. चिंकाऱ्याला उघडा माळच लागतो, हा मुद्दा परिशिष्टात घाला. तिथवर कुणी वाचत नाही. झाडं दाटली की तो दिसेनासा होईल. मग त्याला शोधायला मोठा ड्रोन लागेल, त्याचं अंदाजपत्रक आत्ताच जोडून ठेवा.