‘फोटो अंधुक, ॲप सारखं पहिल्यापासून’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. आमच्या बिलिंग ॲपमध्ये मालाचे फोटो अंधुक दिसतात आणि व्हॉट्सॲप बघून आलं की ॲप पहिल्यापासून सुरू होतं, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय ‘मशीनमध्ये जागा नाही म्हणे’ हा टोमणाही आहे. तुमचं हातातलं अँड्रॉइड मशीन १ जीबी रॅम (चालू कामापुरती मेमरी, ॲप बंद झालं की रिकामी होते), ८ जीबी स्टोरेजचं (कायमची साठवण). हिशोब त्याच्यावरच मांडतो.

१२ मेगापिक्सेलच्या फोटोची फाइल चार-पाच एमबीची असते, पण पडद्यावर दाखवायची तर गाठोडं सोडावं तसं ती पूर्ण उलगडावी लागते: ४००० गुणिले ३००० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे ४८ एमबी. यादीत असे चार फोटो आले की जवळपास २०० एमबी. एवढी मेमरी अशा मशीनवर अँड्रॉइड एका ॲपला सहसा देत नाही, ॲप बंद पडतं. म्हणून आम्ही फोटो ५०० गुणिले ३७५ वर आणतो आणि पिक्सेलला २ बाइट देतो. पावणेचार लाख बाइटांत काम भागतं. बोटांनी मोठा केलात तर तो अंधुक दिसणारच. माल ओळखण्यापुरता फोटो आहे, बॅनर छापायला नाही.

व्हॉट्सॲप उघडल्यावर रॅम कमी पडली की मागे गेलेलं ॲप अँड्रॉइड बंद करतं. ते आम्हाला थांबवता येत नाही, म्हणून आम्ही बिल रॅमच्या भरवशावर ठेवत नाही. ‘जोडा’ दाबताक्षणी ती ओळ स्टोरेजवर लिहिली जाते. परत आल्यावर ‘अपुरी बिलं’ उघडा, तिथे सापडेल. नग टाकून ‘जोडा’ दाबायचं राहिलं असेल, तर तेवढी एक ओळ जाते.

आता जागा. जुनी बिलं पुसली तरी डेटाबेसची, म्हणजे सगळी बिलं साठवणारी, फाइल लहान होत नाही, आत नुसती पोकळी राहते. फाइल आवळताना तिची नवी प्रत तयार होते, त्यामुळे ३०० एमबीच्या फाइलला ६०० एमबीपर्यंत मोकळी जागा लागू शकते. आधी व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’त जाऊन फोटो-व्हिडिओंचं ऑटो-डाउनलोड बंद करा, जुने व्हिडिओ काढा, मशीन चार्जिंगला लावा आणि मग आमच्या ॲपमधलं ‘डेटाबेस आवळा’ दाबा.

जागेसाठी आमच्या ॲपचं ‘क्लिअर कॅशे’ खुशाल दाबा, त्यात फक्त तात्पुरत्या फाइली जातात. शेजारचं ‘क्लिअर डेटा’ मात्र बॅकअप घेतल्याशिवाय नको, त्यात मशीनवरची सगळी बिलं जातात.