नाव नसलेली आई

नॉर्वेची राजधानी ऑस्लोत मुंक संग्रहालयाशेजारी, फ्योर्डच्या म्हणजे समुद्राच्या खाडीच्या काठाला, ब्राँझची 9 मीटर उंच बाई गुडघ्यांवर बसली आहे. ब्रिटिश कलावंत ट्रेसी एमिन यांचं हे शिल्प, ‘द मदर’, जून 2022 मध्ये उभं राहिलं. वजन 18 टनांच्या वर. अंगावर वस्त्र नाही आणि पोटाशी धरलेल्या हातांत मूलही नाही. संग्रहालय ज्याच्या नावाचं, त्या चित्रकार एडवर्ड मुंकची आई तो 5 वर्षांचा असताना क्षयानं गेली होती.

फोटो पाहून पुण्याहून मावशीनं विचारलं, “पण ही कुणाची आई?”

प्रश्न रास्त आहे. आपल्या चौकांत आई उभी राहते ती कुणाची तरी आई म्हणूनच. लाल महालात जिजाऊ, बाल शिवाजी आणि सोन्याचा नांगर आहे. त्याच समूहातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा महापालिकेनं डिसेंबर 2010 मध्ये हलवला, तेव्हा शहर पेटलं. दादोजी गुरू होते की नव्हते, हा इतिहासाचा प्रश्न महत्त्वाचाच. पण ज्या पुण्यावर आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं गाढवाचा नांगर फिरवला होता, तिथे शहाजीराजे दूर कर्नाटकात असताना लेकराला घेऊन राहायला आलेल्या बाईच्या जिवाची काय घालमेल झाली असेल, हे त्या सगळ्या वादात कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मला ते आजही लागतं.

पुण्याकडे जे आहे ते इथे नाही, हेही खरं. जिजाऊ जयंतीला लाल महालात बायका लेकींना घेऊन नमस्काराला येतात. ऑस्लोच्या या आईला कुणी हार घालत नाही.

विवस्त्र शिल्प पुण्यात आणा, असं मी म्हणत नाही. मंडईत पाटीशेजारी तान्हं निजवून भाजी विकणारी बाई आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. तीच ब्राँझमध्ये का नको? शिल्पकार करमरकरांचा 1928 चा अश्वारूढ शिवपुतळा पुण्यातच आहे, म्हणजे मोठं ओतकाम आपल्याला नवं नाही. एमिन यांची निवड आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून झाली होती. महापालिकेनंही खुली स्पर्धा घ्यावी, मातीचे नमुने महिनाभर बालगंधर्वच्या कलादालनात मांडावेत आणि मंडईतल्या बायकांना आधी बोलवावं. वाद होईलच. तो पुतळा बसवण्याआधी, नमुना डोळ्यांसमोर असताना होऊ दे.