लेखन म्हणे शिकता येत नाही!

आज सायंकाळी एका कार्यक्रमात बारावीतल्या मुलीने मंचावरच्या ज्येष्ठ साहित्यिकांना विचारले, "सर, कथा लिहायला शिकण्यासाठी कोणती पुस्तके वाचू?" "लेखन शिकून येत नसते, बाळा, ते रक्तातच असावे लागते," असे उत्तर आले. टाळ्या पडल्या आणि ती मुलगी वही मिटून खाली बसली. घरी पोहोचेपर्यंत माझा संताप काही निवळला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

गाणाऱ्याने वर्षानुवर्षे पलटे घोटावेत हे आपल्या सर्वांना पटते. लिहिणाऱ्याने मात्र थेट मैफिलीतच बसावे!

नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात मुद्रिते तपासणारे एक काका होते. विशीत असताना मी त्यांना माझी कथा दाखवली. बरेवाईट काहीही न बोलता त्यांनी पहिल्या पानावरची बहुतेक विशेषणे लाल पेन्सिलीने उडवली, उरलेला मजकूर मला मोठ्याने वाचायला लावला आणि माझा श्वास जिथे अडकला तिथे उभी रेघ मारून "इथे वाक्य मोडा" एवढेच म्हणाले. माझे रक्त त्यांनी तपासले नाही. मो. रा. वाळंबे यांचे 'सुगम मराठी व्याकरण लेखन' त्यांच्या हाताशी असे, आणि अडलेल्या ऱ्हस्व-दीर्घासाठी ते इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही निमूटपणे ते उघडत.

आणि हे आपल्या नागपुरात ऐकावे लागावे, याचा अधिक राग येतो. रेशीमबागेत ज्यांच्या नावाचे सभागृह उभे आहे, त्या सुरेश भटांनी नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली. मतल्यात, म्हणजे गझलेच्या पहिल्या दोन ओळींत, 'वारे-तारे' असे काफिये, म्हणजे यमकाचे शब्द, बांधल्यावर पुढच्या शेरात 'पुरे' का चालत नाही, कारण 'रे'च्या आधीचा 'आ' म्हणजे अलामत, काफियातला न बदलणारा स्वर, ढळते, इतक्या बारकाव्याची ही विद्या. एवढा मोठा कवी हे समजावून सांगत बसला, ते शिकता येते म्हणूनच ना? बाराखडी पाठ करून कोणी भट होत नाही, हे मान्य. पण तेवढ्यासाठी ती लपवून ठेवायची काय?

शिकवण्याच्या नावाखाली महिनाभरात लेखक घडवून देणारी, प्रमाणपत्रांची दुकानेही निघाली आहेत, हेही खरे. त्यांचा मला आजच्या उत्तराइतकाच तिटकारा आहे. काकांनी पेन्सिलीचे पैसेसुद्धा घेतले नव्हते.

आता थोडा शांत झालो आहे. त्या सरांचेही पहिले लिखाण कोण्या संपादकाने वा मास्तरांनी तपासले असेलच. कदाचित आता त्यांना ते आठवत नसेल.

शब्द अडला की काका मला दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'कडे पिटाळत. १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या त्या सात खंडांसाठी वाचनालयात जाऊन बसावे लागे, आणि शोधायच्या शब्दाऐवजी शेजारच्याच शब्दांत दुपार निघून जाई. तो कोश आणि मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश आज मोबाइलवर फुकट पाहता येतात, पण ती सोय करून दिली ती शिकागो विद्यापीठाने. मराठी विश्वकोश तेवढा आपल्या सरकारने ऑनलाइन आणला, त्याचे श्रेय देतो. पण यांपैकी एकाचेही नाव त्या मुलीला सांगावे, असे मंचावरच्या कोणालाही वाटले नाही.