गाझीच्या खलाशांसाठी

नौदल दिन आला की आमच्या मिरजेच्या भावंडांच्या ग्रुपवर गाझीचा विषय निघतो. डिसेंबर १९७१ च्या युद्धात आपल्या विक्रांत या विमानवाहू नौकेच्या मागावर आलेली ही पाकिस्तानी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली. आपल्या राजपूत या युद्धनौकेने ती बुडवली, असं आपलं म्हणणं. सुरुंगाने किंवा आतल्या स्फोटाने गेली, असं पाकिस्तानचं. धाकटा मामेभाऊ राजपूतच्या बाजूने भांडतो, दादा शंका काढतो, आणि रात्रीपर्यंत दोघंही हमरीतुमरीवर येतात. पाणबुडीतल्या एकाही माणसाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. मला तेच खटकतं.

मी सिडनीत राहते. ३१ मे १९४२ च्या रात्री जपानच्या तीन छोट्या पाणबुड्या इथल्या बंदरात शिरल्या, प्रत्येकीत दोघे. एकीच्या टॉर्पेडोने कुटाबुल बोट बुडाली आणि तिच्यावरचे २१ नौसैनिक गेले. उरलेल्या दोन पाणबुड्या बंदरातच संपल्या. त्यांतल्या चार जपान्यांवर सिडनीतल्या नौदलाचे प्रमुख रिअर ॲडमिरल म्युरहेड-गूल्ड यांनी नौदलाच्या इतमामात अंत्यसंस्कार केले. टीका झाली, पण ते हटले नाहीत. असल्या पोलादी शवपेटीत बसून यायला मोठं धैर्य लागतं, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. चौघांची रक्षा युद्ध चालू असतानाच जपानला पोचली.

निसटलेली तिसरी पाणबुडी २००६ मध्ये हौशी डायव्हरना समुद्रतळाशी सापडली. ती वर काढली नाही. तिच्यातल्या दोघांचे नातलग आले, तेव्हा त्यांना तिच्याभोवतीची वाळू दिली. देह मिळाला नाही तर आपल्याकडे दर्भाचा पुतळा करून दहन करतात. घरच्यांना निरोप द्यायला काहीतरी लागतंच.

जपान आता मित्र आहे, ऑस्ट्रेलियाला हे सोपं, असं दादा म्हणतो. पण १९४२ मध्ये तो मित्र नव्हता! आणि १९७१ मधलीच आपली खुकरी युद्धनौका? पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने ती दीवजवळ बुडवली, कॅप्टन मुल्लांसह १९४ जण गेले. त्यांच्याबद्दल पलीकडे कोणी नुसत्या विजयाच्याच गप्पा मारल्या, तर आपल्याला कसं वाटेल?

गाझीचे अवशेष आपल्या नौदलाने तसेच राहू दिलेत, हे योग्यच झालं. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर विजयाचं स्मारक आहे, तेही हवंच. त्याच किनाऱ्यावरून गाझीतल्यांच्या नातलगांना एकदा फुलं वाहू द्यावीत. सिडनीत मेलेल्या मात्सुओ या जपानी अधिकाऱ्याची आई १९६८ मध्ये इथे येऊन गेली, मुलगा गेल्यावर २६ वर्षांनी. गाझीला पन्नासहून जास्त वर्षं झाली. तिच्यातल्यांची मुलंही आता पन्नाशी ओलांडून गेली असणार. त्यांना व्हिसा देणं आपल्या सरकारच्या हातात आहे, आणि तो द्यावा.